चौकटीचे बाण

रविवारी दुपारी कोपरखैरणे गावात मढव्यांच्या इमारतीखालून गेलात, तर तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून ड्रिल मशीनची घरघर ऐकू येते आणि खाली लावलेल्या स्कूटरांवर लाकडाचा भुसा पडलेला दिसतो. भाडेकरू आपसांत कुरकुरतात, पण वर जाऊन बोलायची कुणाची छाती होत नाही. एक तर ती घरमालकीण. त्यातून ती बाण बनवते. बाण बनवणाऱ्या बाईशी भांडण उकरून काढण्याआधी माणसाने दोनदा विचार करावा हे बरं.

सुचिता मढवी तिचं नाव. चाळिशी ओलांडून बरीच वर्षं झाली. तुर्भ्याला एका कारखान्यात यंत्रं पाठवायच्या लाकडी पेट्या बनतात, तिथे ती पेट्या ठोकते. घरचं भाडं येत असताना ही हमाली कशाला, असं नातेवाईक लग्नाकार्यात हमखास विचारतात. बसून अंगाला गंज चढतो, एवढंच ती सांगते आणि पुढ्यातलं जेवण जेवते.

तिरंदाजी तिच्याकडे लेकीच्या मागून आली. रुतिकाला सुट्टीत शाळेच्या मैदानावरच्या शिबिराला घातलं होतं. तिची वाट बघत कडेला बसलेल्या आईच्या हातात तिथे शिकवणाऱ्या कमळाकर सरांनी सहज म्हणून बांबूचं धनुष्य दिलं. पोरीने पंधरवड्यात नाद सोडला. आईने धरला तो धरलाच. साडी खोचून ती पोराटोरांच्या रांगेत उभी राहायला लागली, तेव्हा गावात हसू झालं. सुचिताने हसणाऱ्यांकडे ढुंकून पाहिलं नाही. दिवसभर हातोडा मारून तिचे खांदे तयारच होते, त्यांना फक्त नवीन काम मिळालं होतं.

बाण मात्र तिला पटेनात. विकतच्या लाकडी काड्या कधी वाकड्या यायच्या, कधी एक जड तर दुसरी हलकी. मग तिने स्वतःच काड्या करायचं ठरवलं. बोटभर जाडीच्या लोखंडी ठोकळ्याला तिने कारखान्याशेजारच्या लेथवाल्याकडून भोक पाडून घेतलं आणि भोकाच्या तोंडाशी जुन्या रंध्याचं पातं तिरकं बसवलं. लाकडाची चौकोनी पट्टी ड्रिलला लावून फिरवत फिरवत त्या भोकात घालायची, की पलीकडून गोल काडी बाहेर येते. सासूबाईंनी, म्हणजे यशोदाबाईंनी, हा प्रकार पहिल्यांदा पाहिला आणि त्याला उसाच्या रसवाल्याचा चरक म्हणून टाकलं. घरात तेच नाव पडलं.

लाकूड पेट्यांचंच. परदेशातून येणाऱ्या खोक्यांचं पाइन कारखान्यात तुकड्यांनी पडलेलं असायचं, मालकाला विचारून ती ते आणायची. हलकं आणि सरळ रेघांचं लाकूड. काडी झाली की पॉलिश पेपरने घासायची, डोळ्यासमोर धरून वाक बघायचा. आणि सगळ्यात शेवटी काडीचं टोक भिंतीला टेकवून तिला मधोमध वाकवत दाबायची, चारही अंगांनी, जीव खाऊन. ज्या काडीच्या आतल्या रेघा तिरक्या गेलेल्या असतात ती इथे मोडते. मोडायची असेल तर इथेच मोडू दे, धनुष्यावर नको, हा तिचा नियम होता. या नियमातून तिने एकही काडी कधी सोडली नव्हती.

सोडली ती सासूबाईंमुळे.

यशोदाबाई सुरुवातीला सुनेच्या या उद्योगाला नाक मुरडायच्या. पण तालुक्याच्या स्पर्धेत सुचिताला तिसरा नंबर मिळाला, गावच्या ग्रुपवर फोटो फिरला, आणि यशोदाबाईंना एकदम आठवलं की आपल्या सुनेला हे आपणच करू दिलं. मढव्यांची सून परक्या खोक्यांच्या लाकडाने खेळते हे त्यांना बरं दिसेना. जुनं घर पाडून इमारत उभी राहिली, तेव्हा त्यांनी पुढच्या दाराची सागवानी चौकट हट्टाने ठेवून घेतली होती. ती गच्चीवर प्लास्टिकखाली होती. याच चौकटीत माप ओलांडून त्या घरात आल्या होत्या आणि दर सणाला तिला हळदकुंकू लावत आल्या होत्या. ती त्यांनी आपण होऊन सुनेला दिली. यापेक्षा मोठं त्यांच्याकडे द्यायला काही नव्हतं, आणि हे सुचितालाही कळत होतं.

अट एकच घातली. चौकटीचं लाकूड भिंतीला लावून दाबायचं नाही. दाराची चौकट हाताने मोडून बघतात का कधी?

इथे सुचिता चुकली. नवऱ्याला, साऱ्या गावाला न जुमानणारी बाई त्या म्हातारीच्या डोळ्यांतल्या आनंदापुढे गप्प बसली. सागाच्या काड्या चरकातून काढल्या, घासल्या, पिसं चिकटवली, आणि न दाबताच मैदानावर नेल्या. साग म्हणजे लाकडांचा राजा, त्याला काय होतंय, असं तिने स्वतःला समजावलं. मन घाबरत होतं तरी समजावलं.

पहिल्याच बाणाला कडकन आवाज झाला. दोरी सुटली तसा बाण मधोमध फुटला आणि मागच्या तुकड्याची ढलपी तिच्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी आरपार घुसली. दवाखान्यात टाके पडले.

घरी यायच्या आधीच निकाल लागला होता. चौकट कोपली. उंबऱ्याच्या लाकडाला बाईने हत्यार लावलं, त्याचा खेळ केला, आता घरावर काय येईल कोण जाणे, असं शेजारच्या आल्यागेल्यांनी सांगितलं आणि यशोदाबाईंनी ते मनाला लावून घेतलं. त्या दिवसभर देवापुढे बसून राहिल्या. नवरा केतन तसा भांडखोर नव्हे, पण घाबरला होता. त्याने चरक आणि ड्रिल उचलून तळमजल्याच्या रिकाम्या गाळ्यात टाकलं, कुलूप लावलं, आणि हातच गेला असता तर, म्हणत किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. त्याचं म्हणणं प्रेमाचं होतं. पण कुलूप ते कुलूपच.

हात गळ्यात बांधून सुचिता घरात बसली. वेदनेपेक्षा तिला दुसरंच काही सोसत नव्हतं. जो तो येऊन देवाचा कोप सांगत होता, आणि चूक कुणाची हे फक्त तिला ठाऊक होतं. आता आपण गप्प बसलो तर पुन्हा आपल्या हातचा बाण आपल्या धनुष्याला लागायचा नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं. टाके निघाले त्या संध्याकाळी तिने केतनपुढे हात पसरला.

"किल्ली द्या."

"पुन्हा तेच? आमाला टेन्शन कमी हाय का?"

"माझी वस्तू हाय. मी मागून घेते हे लक्षात ठेवा, तोडून नाय घेत."

केतनने किल्ली दिली. पण तिने चरकाला हात लावला नाही. उरलेल्या सागाच्या काड्या तेवढ्या घेतल्या आणि ती गच्चीवर गेली. यशोदाबाई तिथे वाळत घातलेला जवळा राखत बसल्या होत्या. सुचिताने त्यांच्यासमोरच पहिली काडी पाण्याच्या टाकीच्या भिंतीला टेकवली आणि दाबली. काडी मोडली. सासूबाई ताडकन उठल्या. दुसरीही मोडली. यशोदाबाईंनी तिचा दंड धरला, तिला शिव्या घातल्या, आणि मग त्यांना रडू फुटलं, कारण ते त्यांचं दार होतं. सुचिताच्याही डोळ्यांना धार लागली होती, पण हात थांबले नाहीत. काड्या तुटत गेल्या आणि पायाशी ढीग वाढला. तिने त्यातला एक तुकडा सासूबाईंच्या हातात ठेवला. लाकडाच्या रेघा काडीच्या लांबीने न जाता तिरक्या, कापल्यासारख्या बाहेर पडल्या होत्या.

"चौकट कोपली नाय, आई. मी तुमचं ऐकलं, तेवढंच चुकलं."

असं सासूला तोंडावर म्हणणारी सून त्या गावात दुसरी नसेल. यशोदाबाई तुकडा उलटासुलटा करत राहिल्या. 

मोजक्या काड्या तेवढ्या वाचल्या. कितीही दाबलं तरी वाकून परत सरळ होत होत्या. त्या बाजूला काढून सुचिताने सांगून टाकलं, की येत्या रविवारी मैदानावर पहिला बाण यातलाच मारणार. केतनने खोक्याच्या लाकडाचे मार म्हणून विनवलं. पाइनचे बाण ती पुढेही करणारच होती. पण आता पाइन उचललं असतं तर चौकट कोपली हेच खरं ठरलं असतं, आणि ते तिला मेल्यावरही चाललं नसतं.

रविवारी यशोदाबाई न बोलावता सुचिता-केतनच्या रिक्षात बसल्या. मैदानावर कमळाकर सरांनी आपल्या क्लबचे बाण पुढे केले, सुचिताने ते हाताने बाजूला सारले. सरांनी बाकीच्यांना मागे उभं केलं. यशोदाबाई मात्र मागे गेल्या नाहीत. सुनेच्या डाव्या हाताशी येऊन उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आज मोडला तर चरक घरात दिसला नाय पायजे."

"आन नाय मोडला तर?"

यशोदाबाईंनी समोरच्या निशाणाच्या कागदाकडे बोट केलं.

सुचिताने दोरी ओढली. या वेळी तिला खरी भीती वाटली. अंगठ्याच्या मुळाशी ताजा व्रण ताणला गेला.  दोरी सैल करून धनुष्य खाली घेता आलं असतं, कुणीही तिला काही म्हणालं नसतं. तिने दोरी हनुवटीपर्यंत आणली आणि सोडली.

बाण अख्खा गेला. साग जड, त्यामुळे तो लवकर उतरला आणि गवताच्या पेंढ्यात, कागदाच्या पार खाली जाऊन रुतला. मैदानावर कुणीतरी टाळ्या वाजवल्या. केतनने खाली बसून तोंडावर हात घेतला.

यशोदाबाईंनी डोळे बारीक करून लांबवर पाहिलं.

"कागदाला तर लागलाच नाय," त्या म्हणाल्या. "मंग तिसरा नंबर तुना दिलान कोनी? दुसरा घे. वर धर जरा."

चौकट कोपल्याची गोष्ट त्यानंतर मढव्यांच्या घरात निघाली नाही. नेम चुकल्याची मात्र अजून जेवताना रोज निघते, आणि सुचिता रोज भांडते.