पंखात हात कुठून जाणार

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. अण्णा, म्हणजे माझे वडील, हवाई दलातून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले आणि जयपूरच्या विमानतळावर लहान विमानांच्या दुरुस्तीला लागले. आदर्श नगरातून रोज सायकलने जायचे. त्यांच्या दोन्ही हातांवर पत्र्याच्या कडांनी कापल्याचे पांढरे वण होते.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी विज्ञान मंडळात मला भाषण मिळालं. विषय मीच निवडला, आवाजापेक्षा वेगाने जाणारं नवं प्रवासी विमान. ते अजून उडालंही नव्हतं, पण मासिकांत त्याची रंगीत चित्रं यायची. मोठा त्रिकोणी पंख, उतरताना खाली झुकणारं नाक. थोड्याच वर्षांत सगळं जग यातूनच फिरेल, असं चित्राखाली लिहिलेलं असायचं. मी ते खरं मानलं. पुठ्ठ्याचं विमान केलं, त्याला पांढरा रंग दिला.

अण्णांनी ते उचलून उलटं केलं. "देखणं हाय. पण ह्या पंखात तेल भरणार, नळ्या जाणार. एखादी गळली तर हात कुठनं घालायचा?"

"अण्णा, नव्या विमानांत नळ्या गळत नाहीत."

"अगं, आपली समईसुद्धा गळती!"

आई आतून म्हणाली, "कौतुक करा आधी पोरीचं, मग नळ्या मोजा."

भाषणाला पालकांनाही बोलावलं होतं. अण्णा इस्त्रीचा सदरा घालून शेवटच्या रांगेत बसले. भाषण बरं झालं असावं. कुणाला काही विचारायचंय का, असं प्राध्यापकांनी म्हटल्यावर अण्णाच उभे राहिले.

"एक बात पूछनी थी जी. ये पंख के अंदर हाथ किधर से जाएगा?"

मुली हसल्या. हे माझे वडील, हे तिथे कुणाला माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही. उत्तर मला येत नव्हतं आणि तसं कबूल करायचा धीर नव्हता. मी इंग्रजीत बोलू लागले. मासिकातली पाठ झालेली वाक्यं एकामागून एक म्हटली. सुट्या भागांची नावं सोडली तर अण्णांना इंग्रजी येत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. ते दोनदा "अच्छा जी, अच्छा जी" म्हणाले आणि बसले. टाळ्या पडल्या.

परतताना ते सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत होते. "छान बोललीस. मला काय समजलं न्हाई, पण तुला सगळं येतंय, एवढं कळलं."

मला काहीच येत नव्हतं, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. मी मनात वाक्य जुळवत राहिले आणि घर आलं.

मग उद्या सांगू, परवा सांगू, असं चाललं. पुढच्या हिवाळ्यात कामावरच छातीत कळ येऊन अण्णा गेले.

तेरावा झाल्यावर कपाटावरचं विमान पुसायला खाली काढलं. पंखाच्या खालच्या बाजूला, इंजिनाच्या शेजारी, पेन्सिलीने एक छोटा चौकोन काढलेला होता, कोपऱ्यांना नीट गोलाई दिलेला. आत लिहिलं होतं, "झाकण".

भाषणाच्या दिवशी तो तिथे नव्हता. म्हणजे नंतर कधीतरी काढला. माझ्याकडे उत्तर नव्हतं हे त्यांनी ओळखलं होतं का, हे मला आजही ठरवता येत नाही. पण त्या वेळी तो चौकोन दिसला असता तर रंग खराब केला म्हणून मी त्यांच्यावर रागावले असते, हे मात्र मला नक्की माहीत आहे.