मॅकडारा नाही म्हणतो

आमच्या गावात गाणाऱ्याला गायला सांगावं लागतं आणि ते एकदा सांगून भागत नाही. पहिल्यांदा सांगितलं की तो म्हणतो, घसा बसलाय. दुसऱ्यांदा सांगितलं की ते गाणं आता कुठं आठवतंय. तिसऱ्यांदा तो दुसऱ्याच कुणाचं तरी नाव पुढं करतो. मग खाकरतो, टोपी डोळ्यांवर ओढतो, भिंतीकडं तोंड करतो आणि संपता संपत नाही असं गाणं सुरू करतो. पहिल्याच हाकेला जो गायला लागतो, त्याच्या आईवडिलांबद्दल लोक हळू आवाजात बोलतात.

मॅकडारासारखं नाही म्हणणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी डेलिया, गावातला पब माझा. एका फळीवर पीठ-साखर आणि दुसऱ्या फळीवर काळी बिअर. मॅकडारा पोटासाठी दलदलीतली माती कापून, वाळवून जळणाला विकायचा. खरी कारकीर्द गाण्याची, आणि ती माझ्या पबात, लग्नांत आणि मयतांत झाली. मयताच्या घरी तर तो इतके आढेवेढे घ्यायचा, की एकदा आमचे पाद्रीबुवा म्हणाले, मेलेला उठून तुझी विनवणी करायच्या आत सुरू कर बाबा.

गावाबाहेर तो एकदाच गायला गेला, गॉलवे शहरातल्या स्पर्धेत. तिथं त्याचं नाव पुकारलं. मॅकडारा रीतीप्रमाणं म्हणाला, आधी बाकीच्यांचं होऊ द्या. त्यांनी होऊ दिलं. बक्षीस समारंभही होऊ दिला. पदक मिळालं फेस्टीला. हा फेस्टी आमच्याच गावचा, समुद्रात शेवंडी पकडायचा आणि गाण्याच्या बाबतीत उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. कुणी गा म्हणायच्या आत त्याचं दुसरं कडवं संपलेलं असायचं. आवाज कुंपणात अडकलेल्या मेंढीसारखा. पण जाऊ दे, मी गिऱ्हाइकांबद्दल वाईट बोलत नाही.

मग एक दिवस कळलं, की डब्लिनहून रेडिओच्या मिस कीटिंग जुनी गाणी ध्वनिमुद्रित करायला येताहेत. मॅकडारानं नवी टोपी घेतली. आठवडाभर कच्ची अंडी गिळली. कोंबड्यासुद्धा त्याला बघून लांब जायला लागल्या, असं त्याची बहीण सोरखा मला म्हणाली. दोघं भावंडं एकाच घरात राहायची, दोघांचीही लग्नं झाली नव्हती. त्यांच्या आईचं एक गाणं होतं, बुडालेल्या नावाड्याचं, आणि ते तिच्या चालीत फक्त मॅकडाराला यायचं. आपल्यामागं पोरंबाळं नाहीत, निदान हे गाणं तरी आपल्या आवाजात राहावं, एवढंच त्याला हवं होतं. तो हे कुणाला बोलला नव्हता, त्यामुळं सगळ्या गावाला माहीत होतं.

रविवारी प्रार्थना आटोपून सगळे पबात जमले. मिस कीटिंग मोठ्या अदबीनं मॅकडाराला म्हणाल्या, की तुम्ही गाल का. मॅकडाराच्या मनात लाडू फुटत होते. तो जमिनीकडं बघत म्हणाला, घसा बसलाय. तर त्या बाई कळवळल्या, घशाला अजिबात ताण देऊ नका म्हणाल्या आणि पर्समधून खोकल्याची एक गोळी काढून त्याच्या हातावर ठेवली. मग यंत्र फेस्टीकडं वळवलं. फेस्टी अर्थातच आधीच गात होता. मॅकडारा ती गोळी तळहातावर घेऊन तसाच बसून राहिला.

सोमवारी मॅकडारा अंथरुणातून उठेना. सोरखा तणतणत माझ्याकडं आली. आपण स्वतः गेलो तर भीक मागितल्यासारखं होईल, तूच जा, असं तिनं मला बजावलं. मी बाईंच्या खोलीवर गेले. त्या सामान बांधत होत्या.

"बाई," मी म्हटलं, "काल तो नाही म्हणाला ना, ते हो म्हणाला."

"मग तुमच्याकडं हो कसं म्हणतात?"

"हो कुणीच म्हणत नाही. तुम्ही विचारत राहायचं. पण हे गाण्यापुरतंच हं. लग्नाचं विचारलंत आणि तो नाही म्हणाला, तर नाहीच."

बाई हुशार होत्या, लगेच उठल्या. अडचण एकच. फेस्टीनं सगळ्या फिती खाल्ल्या होत्या, एकीचं शेपूट तेवढं उरलं होतं.

दुपारी सोरखानं मॅकडाराला मीठ आणायच्या निमित्तानं पबात पाठवलं आणि मागोमाग स्वतःही आली. बाईंनी यंत्र सुरू केलं आणि विचारलं. पण काल दुखावलेला मॅकडारा आज तिसऱ्या नकारावर थांबेना. घसा झाला, गाणं विसरणं झालं, फेस्टीचं नावही पुढं करून झालं. मग दात निघाला. माझ्या पबातली ओल निघाली. आईला सोमवारी गाणं आवडत नसे, हेही निघालं. बाई काही मागं हटेनात.

"तुम्ही गायला नाहीत," त्या म्हणाल्या, "तर मी डब्लिनला कुठल्या तोंडानं जाऊ?"

आम्ही एकमेकांकडं बघितलं. बाई विनवणीत तयार झाल्या होत्या. मॅकडारा खाकरला, टोपी ओढली, भिंतीकडं वळला. सोरखानं त्याचा हात हातात घेऊन जातं फिरवावं तसा हळूहळू फिरवायला सुरुवात केली. तो गाताना ती नेहमीच तसं करायची. त्यानं पहिला सूर लावला आणि यंत्रातली फीत संपून फटक फटक आपटायला लागली. नमनालाच घडाभर तेल गेलं होतं. बाईंनी घाईनं यंत्र बंद केलं.

डोळे मिटलेल्या मॅकडाराला काय कळणार? आम्हीही त्याला फितीचं कधी सांगितलं नाही. तो असा गायला, की मी रडले. सहसा मी पबात रडत नाही, लोक लगेच उधारी मागतात.

रेडिओवर कार्यक्रम लागला तेव्हा सगळं गाव माझ्याकडं होतं. मॅकडारा नवी टोपी घालून पुढं बसला होता. घसा आला, दात आला, ओल आली, खाकरणं आलं, एक सूर आला आणि मग मिस कीटिंग दिलगिरीच्या सुरात म्हणाल्या, इथं आमची फीत संपली. मॅकडाराचा चेहरा पडला. मला त्या रेडिओला लाथ घालावीशी वाटली.

शेवटी फेस्टी बोलला. "असं 'नाही' म्हणायला मला जन्मात जमलं नाही."

मॅकडारानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "दाताचं बरं जमलं होतं."

पुढच्या हिवाळ्यात मॅकडारा गेला. बाईंनी त्या फितीची प्रत सोरखाला पाठवली आणि त्याच्या पहिल्या पुण्यतिथीला आम्ही ती पबात लावली. घसा बसलाय, असं तो म्हणाला आणि सगळा पब एका आवाजात त्याला विनवायला लागला, "म्हण की रे मॅकडारा." ओलीचा विषय निघाला तेव्हा मी सवयीनं भांडले. मग तो खाकरला, सूर लागला आणि फीत फटक फटक करायला लागली. सोरखाचा हात रिकामाच हवेत फिरत होता.

"फेस्टी," ती म्हणाली, "आईचं गाणं तू म्हण, येईल तसं."

फेस्टीनं जमिनीकडं बघितलं.

"घसा बसलाय," तो म्हणाला.

आम्ही त्याला पुन्हा विचारलं.