पाण्यालगतचं पाखरू

"पक्षी पुन्हा पाण्यात," सर म्हणाले आणि टॅब माझ्यापुढे सरकवला. "महिना झाला. या मावशींचा स्कोअर काही हलत नाही."

"सेन्सर बिघडला असेल," मी म्हणाले.

"म्हणजे नाचता येईना, अंगण वाकडं."

मी बारामतीत फिजिओथेरपिस्ट आहे. सर हाडांचे डॉक्टर, क्लिनिक त्यांचं. मावशी म्हणजे कळस गावच्या अनसूयाबाई, वय पासष्टच्या पुढे, दोन्ही गुडघे झिजलेले, उजवा जास्त. उजवा लगेच बदलायचा, असं सरांचं मत. मावशी म्हणत होत्या, आत्ता नाही. मी मध्ये पडले आणि सहा आठवडे मागून घेतले. घरी गेम देऊ, फरक दिसेल, असं छातीठोकपणे सांगून बसले.

गेम सोपा आहे. नडगीवर पट्टा बांधायचा, त्यात काडेपेटीएवढा सेन्सर. खुर्चीत पाय सोडून बसायचं. पाय सरळ केला की टॅबवरचा पांढरा पक्षी वर जातो, गुडघा वाकवला की खाली येतो. वर चांदण्या, खाली निळं पाणी. चांदणी टिपली की गुण मिळतात, पाण्याला टेकला की डाव संपतो. व्यायाम म्हटलं की चार दिवसांत कंटाळणारी माणसं गेम म्हटलं की अर्धा तास बसतात. रोजचा रिपोर्ट इंटरनेटवरून आमच्याकडे येतो.

मावशींचं 'आत्ता नाही' मला पटलं होतं, त्याला कारण होतं. त्यांच्या लग्नाला दोन वर्षं झाली आणि माहेर उजनीच्या पाण्यात गेलं. उन्हाळ्यात धरणाचं पाणी ओसरतं, पण त्यांच्या घरापर्यंत क्वचितच. यंदा ते भराभर उतरत होतं. तिकडे मासे धरणाऱ्या भाच्यानं फोन केला होता, मेअखेर उंबरा उघडा पडेल म्हणून. ऑपरेशन आत्ता केलं तर तो सगळा काळ वॉकर धरून घरात जाणार. असा उन्हाळा परत कधी येईल, कुणी सांगावं. काठापासून उंबऱ्यापर्यंत मोठा उतार आहे, गाडी जात नाही. उचलून नेऊ, असं कुणीतरी सुचवलं तेव्हा मावशी भडकल्या होत्या.

"माहेरला लेक आपल्या पायानं जाती. मी काय पोतं हाय व्हय?"

अशी बाई गेम खेळायला कुचराई करते, याचाच मला राग आला. मी फोन लावला. सून सुनीतानं उचलला.

"ताई, त्या रोज खेळत्यात. जेवायला हाका माराव्या लागत्यात."

"मग चांदण्या का टिपत नाहीत?"

"त्यांनाच इचारा की."

मी दुसऱ्याच दिवशी दुपारी स्कूटर काढली. राग डोक्यात होता, पण रस्ता असा की राग टिकेना. दोन्ही बाजूंना ऊस, त्यात पाटाचं पाणी सोडलेलं, उन्हानं सगळं किंचित हलतंय. भवानीनगर सोडल्यावर आपण जागे आहोत की डुलकी लागलीय, असं वाटायला लागलं. त्या रस्त्यावर माझं नेहमीच असं होतं.

मावशी पडवीत खुर्चीवर बसल्या होत्या, टॅब समोरच्या स्टुलावर. मी आल्याचं त्यांना कळलंच नाही. मी मागेच उभी राहिले.

पक्षी वर होता. त्यांनी गुडघा वाकवायला सुरुवात केली, पण इतकी हळू की पाय हलतोय हेही दिसेना. पक्षी खाली खाली येत पाण्याच्या अगदी लगत आला. तिथं त्यांनी पाय धरून ठेवला. मांडी थरथरत होती. चांदण्या वरून निघून जात होत्या, त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. टॅबचा निळा उजेड चेहऱ्यावर पडला होता. मग पाय दमला, पक्षी भिजला. त्यांनी नवा डाव लावून तो पुन्हा वर नेला आणि पुन्हा तसाच, सावकाश, खाली आणला.

"मावशी, काय चाललंय हे?"

त्या दचकल्या नाहीत. "बघतीया."

"काय?"

"खालचं. ह्या पाण्याखाली दगडं काढल्यात बघ. आमच्या उंबऱ्याम्होरं असलीच फरशी व्हती."

मी वाकून टॅबकडे पाहिलं, तर त्या म्हणाल्या, "मला खुळी समजू नगं. चित्रं हायत, ठावं हाय मला. पण पाखरू लई वर गेलं की दगडं दिसत न्हाईत. आन् टेकलं तर खेळ सपतोय. म्हून जपून न्यायचं."

मी पायरीवरच बसले. रागही गेला आणि थोडी लाजही वाटली. कारण मांडीचा पुढचा स्नायू म्हणजे गुडघ्याचा ब्रेक. उतारावर शरीराचा भार हळूहळू खाली सोडायचं काम तो करतो. म्हणून झिजलेल्या गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणं जड जातं. पाय वर करून झटक्यानं सोडला की हा ब्रेक तयार होत नाही. तो सावकाश खाली आणावा लागतो, थरथर होईपर्यंत. आमचा गेम गुण देत होता वर जाण्याला, आणि या बाईला जायचं होतं खाली. जो व्यायाम मी द्यायला हवा होता, तो त्यांनी स्वतःच शोधून महिनाभर केला होता. मी मात्र चांदण्या मोजत होते.

"मावशी, पडवीच्या पायऱ्या उतरून दाखवा."

महिन्यापूर्वी त्या क्लिनिकच्या दोन पायऱ्या भिंत धरून, अंग तिरकं करून उतरल्या होत्या. आता समोर तोंड करून उतरल्या, भिंतीला बोट न लावता. सुनीता दारात पीठ चाळत होती, तिची चाळणी थांबली.

मी मोबाइलवर व्हिडिओ घेतला आणि संध्याकाळी सरांना दाखवला. त्यांनी तो दोनदा पाहिला.

"स्कोअर?" त्यांनी विचारलं.

"शून्य."

"ठीक आहे. मेअखेरपर्यंत थांबू."

मेच्या शेवटच्या रविवारी मावशी आणि सुनीताबरोबर मीही उजनीला गेले. काठावर उभं राहिलं तर पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. लांब पांढरे पक्षी उभे होते. खाली भेगाळलेला गाळ, आणि त्यात एका घराचा दगडी चौथरा, ओला, काळा. मावशींनी काठी घेतली आणि निघाल्या. मी दोन पावलं मागे. गुडघा धरतोय का, एवढंच बघत होते. धरत होता. तीन ठिकाणी थांबलो. एकदा त्यांनी नुसताच हात पुढे केला, मी धरायला गेले तर म्हणाल्या, "तुला न्हाय. हितं बाभळ व्हती."

उंबऱ्याशी त्या थांबल्या. सुनीतानं पिशवीतून भाकरीचा तुकडा आणि पाण्याची बाटली काढली. सासूवरून तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. माहेरी आलेल्या लेकीसाठी आई नाहीतर वहिनी हे करते. इथं सुनेनं सासूसाठी केलं. मावशींनी उजवा पाय उचलला, तोच खराब गुडघा, आणि उंबऱ्याच्या आत ठेवला. मला रडू आलं. कामावर असताना मी रडत नाही.

परतताना चढ होता आणि त्याची तयारी मी करून घेतलीच नव्हती. दर दहा पावलांवर त्या थांबायच्या आणि वळून बघायच्या. मला वाटलं, दुखतंय.

"दुखतंय का? बसायचं का जरा?"

"दुखतंय की. पण घाई कशाला? माहेरवरनं कोण पळत निघतंय व्हय?"

दुसऱ्या दिवशी त्या क्लिनिकमध्ये आल्या. सरांनी ऑपरेशनची तारीख विचारली.

"पाणी चढलं की कवाबी करा," त्या म्हणाल्या. "मग मला कुठं जायचं न्हाय."

ऑगस्टमध्ये ऑपरेशन झालं, चांगलं झालं. आता नवा पेशंट आला की दुखतं कुठं, हे मी नंतर विचारते. आधी विचारते, जायचं कुठं आहे. निम्म्या लोकांना सांगता येत नाही. त्यांच्या गुडघ्यांना वेळ लागतो.