मान्यवरांच्या यादीत नसलेली सुईण

किन्हवलीजवळच्या आमच्या गावात ग्रामसभेच्या सुरुवातीला महिन्याभरात गेलेल्यांना श्रद्धांजली वाहतात. मी शिकलेला, आवाज स्पष्ट, म्हणून सप्टेंबरची यादी मला वाचायला दिली. तीन नावं होती: माजी सरपंच, एक ठेकेदार आणि आताच्या सरपंचांचे सासरे, ज्यांनी आमचं गाव पाहिलंही नव्हतं. अर्ध्या गावाची बाळंतपणं करणारी म्हातारी सुईणही त्याच महिन्यात गेली होती, पण ती त्यात नव्हती. माझ्या पदवीचे पेढे तिनेच घरोघर वाटले होते.

"सुईण आजीचं नाव राहिलं," मी म्हणालो.

"ही मान्यवरांची यादी हाय. वाच तू," सरपंच म्हणाले.

मागून एक बाई ओरडली, "सरपंच, तुमाला काय मान्यवरांनी जन्माला घातला?"

सभा हसली. मी मात्र यादी होती तशीच वाचली. सगळे माना खाली घालून उभे राहिले. मला सरपंचांची किळस आली, आणि त्याहून जास्त माझ्या स्पष्ट आवाजाची.