पालखी दारात, सून घाटात

वाजता ढोल थांबवायची आमच्या वाडीत कुणाची छाती होत नाही. राहीकाकीने मात्र माझा ढोल थांबवला, तोही शिमग्याची पालखी तिच्याच अंगणात नाचत असताना!

आमची वाडी आंबेनळी घाटाखाली, पोलादपुराकडची. काकीची नवी सून रेश्मा रेल्वेत आहे, कर्जतच्या पुढच्या घाटात रूळ सांभाळते. पोरगी तोंड उघडते ती सांध्यांवरच. सांधा म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ती जागा. तिथला निमुळता, हलता रूळ घाटात लवकर झिजतो. उतरणाऱ्या गाड्या ब्रेक दाबत त्याला घासतात, चढणाऱ्यांना मागून इंजिनं रेटतात. "लोखंडपण दमतं, काका," ती मला सांगायची. मी म्हणायचो, "तू कधी दमणार, बाय?"

गेल्या आठवड्यात असाच एक रूळ किनारीला तुटू लागलेला तिला दिसला. तिने लगेच वर कळवलं. गाड्या तिथून हळू सोडू लागले आणि नवा सांधा बसवायचा दिवस ठरला. नेमका पालखीचा! पहिल्या शिमग्याला देवीची ओटी नव्या सुनेने भरायची आणि गाऱ्हाणं, म्हणजे घरासाठीचं मागणं, तिनेच घालायचं. पण सणाला घरी आलेली रेश्मा हटेना. "मी पकडलेला सांधा हाय, आई. बसवायला मी पायजे."

"जा तर मग!" काकी कडाडली. "आन् परत ह्या घराचा उंबरा चढू नको!"

रेश्मा डोळे पुसत गेली.

पालखी आली तेव्हा काकी ओटीचं ताट घेऊन दारात उभी, तोंड फुगवून. माझा ढोल असा तापलेला की म्हातारेकोतारेही नाचत होते. एवढ्यात रेश्माचा व्हिडिओ कॉल लागलेला फोन उंचावत तिचा नवरा भरत ओरडला, "आये, सांधा बसला! पयली गाडी येतेय!"

काकीने मान फिरवली. मग काय झालं देव जाणे, ती तडक माझ्या अंगावर आली. "बंद कर रं तो ढोल, श्रीपत! माझ्या सुनेची गाडी येतेय!"

मला राग आला, पण हात थांबला. अख्खी वाडी फोनभोवती जमली. पालखीवाल्यांनी पालखी खांद्यावरच थोपवली. आधी ब्रेक किंचाळले, मग चाकं आली. एकेक डबा धाडधाड करत सांध्यावरून जात होता आणि आम्ही डबे मोजत होतो.

"गेली! आई, सगळी गाडी गेली!" रेश्मा तिकडे ओरडली, आम्ही इकडे. मला तर रडूच फुटलं.

काकीने भरतला फोन पालखीसमोर धरायला लावला आणि ताट पुढे केलं.

"रेश्मा, नारळ मी धरलाय. देवीला गाऱ्हाणं तू घाल गो."