उन्हामागची खाट

थंडीत आमच्या पडवीत सकाळी उन्हाचा एक पट्टा येतो. डॉक्टरांनी आईला ऊन द्यायला सांगितलंय, म्हणून मी तिची खाट त्या पट्ट्यात ओढते. पक्षाघातानंतर तिला कूसही बदलता येत नाही. ऊन सरकलं की खाट सरकवायची, पार पलीकडच्या भिंतीपर्यंत.

पूर्वी याच पडवीत ती सांडगे वाळत घालायची आणि उन्हामागं जुन्या धोतराचं फडकं ओढत न्यायची. काल म्हणाली, "आता मलाच सांडग्यांसारखी ओढतेस. या उन्हाला एवढी कसली घाई झालीय गं?"

"सूर्य जागचा हलत नाही, आई. पृथ्वी फिरते. आपणच फिरतो."

ती आढ्याकडे बघत राहिली. "मीसुद्धा?"

"तूसुद्धा."

"मग मला कळत कसं नाही?"

शाळेत हे शिकले तेव्हा केवढं नवल वाटलं होतं, झोपेतसुद्धा आपला प्रवास चालू असतो म्हणून. आता त्या प्रवासाचाच राग येतो. डोंगर, समुद्र सगळं घेऊन पृथ्वी गरगर फिरते आणि त्या सगळ्या जोरानंही माझ्या आईचं एक बोट हलत नाही.

संध्याकाळी ऊन भिंतीवर चढलं. भिंतीवर खाट नेता येत नाही. ऊन गेल्यावर मी खाट ओढत पुन्हा सकाळच्या कोपऱ्यात आणली, उद्यासाठी.

"पोचलो का गं कुठं?" आईनं डोळे मिटूनच विचारलं.

"नाही," मी म्हणाले आणि तिच्या पायांवर गोधडी घातली.