रेडिओवरचं आभारप्रदर्शन

आमच्या इथल्या मराठी मंडळात आभारप्रदर्शनाचं काम बावीस वर्षं माझ्याकडे होतं. अध्यक्ष बदलले, खजिनदार भांडून गेले, गणपतीचा हॉल तीनदा बदलला. पण शेवटी माइकसमोर मीच. हॉलच्या मॅनेजरपासून पुऱ्या तळणाऱ्या काकूंपर्यंत एकही नाव सुटायचं नाही. लोकांचं लक्ष जेवणाच्या रांगेकडे असायचं, माझं कुणी ऐकत नसे, हे मला ठाऊक होतं. तरी मी सोडत नसे. आमच्याकडे पद्धतच ती, आधी हार आणि मग अर्ज. लहानपणी वडिलांबरोबर तालुक्याच्या कचेरीत जायचो, तेव्हा वडील आधी साहेबांच्या मुलांची चौकशी करत, साहेबांमुळे गावाची किती सोय झाली ते सांगत, आणि मग हळूच खिशातून अर्ज काढत. आल्या आल्या हात पसरणारा माणूस हलका, असं ते म्हणायचे. ही शिकवण मी डेट्रॉइटजवळच्या या उपनगरात घेऊन आलो, चाळीस वर्षं जपली, आणि तिनेच माझ्या बायकोचा घात केला.

बायकोला विसरण्याचा आजार जडून पाच वर्षं झाली. आधी चाव्या हरवल्या, मग फोडणीत मोहरीऐवजी चहाची पावडर पडली, मग एकदा ती भर हिवाळ्यात स्वेटरशिवाय चौकापर्यंत चालत गेली. त्यानंतर काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, डे-सेंटरमध्ये तिला जागा मिळाली. सकाळी साडेआठला पांढरी व्हॅन दारात यायची. ही आठपासून साडी नेसून, पर्स मांडीवर घेऊन खिडकीशी बसलेली. तिथे गाणी, चित्रं रंगवणं, गरम जेवण. तिचं इंग्रजी बोलणं गळून गेलं होतं, थोडंफार कळायचं तेवढंच, पण तिथली एक अटेंडंट तिचे हात हातात घेऊन बोलायची आणि ही हसायची. घरी ती हसत नसे. आणि मला अंघोळीला दहा मिनिटं मिळायची, दाराला कडी न घालता झोपता यायचं. तीन वाजेपर्यंत मी माणसात असायचो.

जूनमध्ये पत्र आलं. सेवांची ‘पुनर्रचना’ होणार होती. म्हणजे सप्टेंबरअखेर, इथलं आर्थिक वर्ष संपताना, सेंटरला टाळं. प्रस्ताव आमच्याच भागातून निवडून आलेल्या कमिशनरचा होता. हे गृहस्थ नोव्हेंबरमध्ये पुन्हा उभे राहणार होते, आणि म्हणून दर गुरुवारी सकाळी दहाला इथल्या स्थानिक रेडिओ स्टेशनवर बसून लोकांचे फोन घेत होते. मी दोन गुरुवार नीट ऐकलं. कुणी खड्ड्यांवर चिडत होतं, कुणी शेजाऱ्याच्या कुत्र्यावर. एका बाईने तर त्यांना सरळ खोटारडा म्हटलं. मी मनात म्हटलं, काय ही रीत! अशाने कुणी काम करेल का?

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून लेकीचा फोन आला, तेव्हा मी तिला माझं भाषण वाचून दाखवलं.

“बाबा, हे खूप लाँग आहे,” ती म्हणाली. “ते लोक कट करतात. जस्ट आस्क द क्वेश्चन. आईचं फर्स्ट लाइनमध्ये सांगा.”

“मला बोलायला शिकवू नकोस,” मी म्हटलं. “माणसाशी कसं बोलायचं ते मला कळतं.”

तिने विषय बदलला. आता वाटतं, भांडली असती तर बरं झालं असतं.

त्या गुरुवारी बायकोला व्हॅनमध्ये बसवून आलो, दाढी केली, शर्ट घातला. रेडिओवर बोलायला शर्ट कशाला, पण घातला. फोन घेणाऱ्या मुलीने प्रश्न काय ते विचारलं. मी म्हटलं, ज्येष्ठांच्या सोयींबद्दल. तिथेही मोघमच. मग चाळीस मिनिटं गाद्यांच्या आणि वकिलांच्या जाहिराती ऐकत थांबलो. एकदम निवेदकाचा आवाज आला, बोला.

मी कागद समोर धरला आणि माझ्या उत्तमातल्या उत्तम इंग्रजीत बोललो. कमिशनरसाहेब, आपण वेळ दिलात याबद्दल ऋणी आहे. मी चाळीस वर्षांपूर्वी इथे आलो, मोटारींचे ब्रेक बनवण्यात हयात गेली. या काउंटीने आम्हाला आपलं मानलं. आमच्या म्हाताऱ्या माणसांची इथे फार चांगली काळजी घेतली जाते, त्याबद्दल माझ्या सगळ्या कुटुंबातर्फे मी आपले मनापासून आभार मानतो. एवढं बोलून मी श्वास घेतला. पुढची ओळ ‘पण माझी पत्नी’ अशी सुरू होत होती.

“वा, हे ऐकून फार बरं वाटलं,” कमिशनर म्हणाले. “असे फोन यायला हवेत.” निवेदक हसला, एका जाहिरातीनंतर भेटू म्हणाला, आणि लाइन बंद झाली. मी पुन्हा फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. अकरा वाजले आणि कार्यक्रम संपला. जन्मभर ब्रेक बनवले आणि नेमका स्वतःच्या जिभेला बसवायचा राहिला.

तीन आठवड्यांनी प्रचाराची जाहिरात सुरू झाली. आधी संगीत, मग माझा आवाज, आमच्या म्हाताऱ्या माणसांची इथे फार चांगली काळजी घेतली जाते, मी आपले मनापासून आभार मानतो. मग कमिशनरांचं नाव. दिवसातून सहा-सात वेळा.

सेंटर वाचवायला आम्ही सगळ्या रुग्णांच्या घरची माणसं दर बुधवारी तिथे जमत होतो. सह्या गोळा करणारी एक बाई होती, तिचा नवरा कारखान्यात रंगकाम करायचा आणि आता चमचा कसा धरायचा ते विसरला होता. त्या बुधवारी तिने कागद माझ्या डावीकडच्याला दिला, मग उजवीकडच्याला. मी हात पुढे केला.

“तुम्हाला कशाला?” ती म्हणाली. “तुम्ही तर समाधानी आहात.”

मी सगळं सांगितलं, माझ्या भाषणाचा कागद दाखवला, ‘पण’पासूनच्या सगळ्या ओळी दाखवल्या. तिने वाचल्या आणि कागद परत दिला. सही करू दिली, पण त्यानंतर ती माझ्या शेजारी बसली नाही. तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

प्रचाराच्या ऑफिसला फोन केला. फार गोड बोलणारी मुलगी होती. तिने विचारलं, “सर, आवाज तुमचाच आहे ना? हे तुम्हीच बोललात ना?” मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? रेडिओवाल्यांनी सांगितलं, फोन केलात म्हणजे परवानगी दिलीतच.

सप्टेंबरात काउंटीची जाहीर सुनावणी झाली. प्रत्येकाला दोन मिनिटं. या वेळी मी ठरवूनच गेलो होतो की एकदाही आभार मानायचे नाहीत. माइकसमोर उभा राहिलो तर कमिशनर हसून बाकीच्या कमिशनरांना म्हणाले, “हे आपले रेडिओवरचे मित्र.” मी थेट बायकोपासून सुरुवात केली. स्वेटर, चौक, व्हॅन, सगळं सांगितलं. ते मान हलवत ऐकत होते. शेवटी म्हणाले, “थँक यू, सर.” मग त्या सगळ्यांचं मतदान झालं. सेंटर बंद.

आता ऑक्टोबर आहे. ही अजूनही आठ वाजता तयार होते. साडी मी नेसवतो, निऱ्या मला जमत नाहीत, पण तिला ते कळत नाही. पर्स मांडीवर घेऊन ती खिडकीशी बसते. साडेआठ होतात, नऊ होतात. व्हॅन का आली नाही, ती विचारते. मी काहीतरी सांगतो. पाच मिनिटांनी ती पुन्हा विचारते. घरात शांतता असली की तिला भीती वाटते, म्हणून रेडिओ लावून ठेवावा लागतो. तिला सवयीचं तेच एक स्टेशन.

परवा जाहिरात लागली. माझा आवाज आला आणि तिने मान वर केली. पूर्ण ऐकून घेतलं. किती दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर हसू दिसलं.

“अहो,” ती म्हणाली, “हा आपल्याकडचाच कुणीतरी दिसतोय. किती अदबीने बोलतो! याची ओळख आहे वाटतं वरपर्यंत.”

मी रेडिओचा आवाज कमी करायला उठलो.

“याला सांगा ना,” ती म्हणाली. “माझी व्हॅन येत नाहीये म्हणून. हा सांगेल त्यांना.”